जोडवं

शुक्रवारी पहाटे फाहाहीलच्या किनाऱ्यावर
झाडूवाल्या शफीकुलच्या आधी मी येतो.
मनिलाला कायमचा परत जाताना रोडेलने
बारा दिनारला विकलेलं यंत्र माझ्याकडे,
त्याचा हेडफोन डाव्या कानात धड बसत नाही.

आठवडाभर रिफायनरीत खिशाला
दुसरं एक यंत्र असतं, काडेपेटीएवढं.
ते वाजलं की वारा बघायचा आणि पळायचं.
हे वाजलं की गुडघ्यावर बसायचं.
दोघांचा सूर जवळजवळ एकच.
पहिले काही शुक्रवार
पाय आधी पळायलाच निघायचे.

मी भुसावळचा. समुद्र मला नोकरीबरोबर मिळाला.

सापडतं काय, तर कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या.
कड्या. पुन्हा कड्या.
गळाची शिशाची वजनं.
शंभर फिल्सचं नाणं, त्यावरच्या गलबताचं
शीड मिठाने खाल्लेलं.
एकदा लॉकरची किल्ली, नंबर एकेचाळीस,
ती अजून मी मनातल्या मनात
दिसेल त्या लॉकरला लावून बघतो.
मंदा फोनवर विचारते, सोनं?
मी म्हणतो, कड्या.
कड्याच आण मग, ती म्हणते, दारांना लावू.

मार्चमध्ये मोठ्या भरतीनंतर
ओल्या रेषेपासून सात पावलांवर
वाजलं ते कडीसारखं नव्हतं.
वीतभर खाली काळं, वाकडं काहीतरी,
तीन वेढे, एका बाजूला फट.
शफीकुल म्हणाला, लहान पोराची अंगठी.
रूमवर लतीफ म्हणाला, वॉशर.
मी बोटात घालून पाहिलं.
हाताच्या बोटासाठी केलेलंच नव्हतं ते.

जोडवं.
अख्ख्या किनाऱ्यावर त्याचं नाव ठाऊक असलेला मी एकटा,
आणि नावातच सांगितलेलं की हे एकटं नसतं.
पुढच्या शुक्रवारी दुसरं शोधत
दहा वाजेपर्यंत खणत राहिलो. मान भाजली.

टूथपावडर लावून घासलं, लख्ख झालं.
कुंजुमोनच्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली:
जोडवं सापडलं आहे. एक. खूण सांगून न्यावे.
कुंजुमोन म्हणाला, काय लिहिलंय?
म्हटलं, पायातलं काहीतरी.
चप्पल?
हो, तसंच.

बारा दिवसांनी फोन आला. नाव नाही. वऱ्हाडी हेल.
तीन वेढ्याचं आहे काय, भाऊ?
म्हटलं, हो ताई, कुठे आणून देऊ?
दुसरं दूर गेलं, ती म्हणाली, हे हातातून जवळच पडलं.
मग थोडा वेळ काहीच नाही.
हरवलं नव्हतं, भाऊ. सोडलं होतं.
मागे कुकरची शिट्टी झाली.
चिठ्ठी काढा तेवढी. लोक वाचतात.
दुसरी शिट्टी.
तिसरीला तिने फोन ठेवला.

चिठ्ठी काढली. सेलोटेपचा कोपरा काचेवर राहिला.

यंत्राला लोखंड वगळायची खुंटी आहे,
पातळ पत्रा वगळायची आहे.
मी सगळ्या फिरवून पाहिल्या.

परत पुरावं म्हणून दोन शुक्रवार खिशात नेलं,
दोन्ही वेळा घेऊन आलो.
माझ्यामागून कुणी यंत्र घेऊन येईल,
वॉशर म्हणून फेकून देईल, तर बरंच.
पण तो मराठी निघाला तर?

आता ते निडोच्या डब्यात असतं, कड्यांच्यात.
डबा खिडकीत. खिडकीतून शुऐबाची ज्योत दिसते,
आणि वारा तिकडून असला
की खोलीभर गंधकाचा वास येतो.
चांदीला तो मानवत नाही.
मी घासत नाही.
आधी पिवळसर झालं, मग कडेने निळं,
परवा पाहिलं तर
वाळूतून काढलं तेव्हा होतं
जवळपास तितकं काळं.